रेडिएटरमधली हळद

गेल्या दिवाळीच्या आधी आमची गाडी पाणी प्यायला लागली. थोडंफार पाणी सगळ्याच जुन्या गाड्या पितात, पण आमची तर म्हशीसारखी प्यायला लागली. बॉनेट उघडून रेडिएटरच्या बाटलीत रेघेपर्यंत पाणी भरावं, गाडी केनवडच्या बाजारापर्यंत फिरवून आणावी आणि दुसऱ्या दिवशी पाहावं तर बाटली कोरडी. गळत असेल म्हणावं, तर खाली थेंब नाही. मी गाडीखाली पुठ्ठे अंथरून पाहिले, खताची पांढरी पोती उलटी करून अंथरली. पोत्यांवर मांजर येऊन झोपायचं, पाण्याचा टिपूस काही पडायचा नाही.

गाडी मामाजींची. मामाजी म्हणजे माझे सासरे. वय पंचाहत्तरीच्या पुढचं, अंगकाठी वाळलेल्या तुरीच्या खोडासारखी, आणि स्वभाव असा की सगळ्या जगाला त्यांच्याकडे एकच औषध : हळद. आमच्या वावरात पिढ्यान् पिढ्या हळद होते. बोट कापलं, हळद लाव. खोकला आला, हळद घे. स्वयंपाकघरात मुंग्या झाल्या, हळदीची रेघ ओढ. म्हशीचा पाय मुरगळला तेव्हा डॉक्टर येईपर्यंत म्हैस गुडघ्यापर्यंत पिवळी झालेली होती. बाकीच्या पोरींना हळद लग्नात एकदा लागते, मला या घरात आल्यापासून रोज लागते. ती धुवायलाही मीच. हळदीच्या डागाला साबण लागला की तो जाण्याऐवजी लालभडक होतो, हे सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी रडून शिकले.

मी घरासमोर पिठाची गिरणी चालवते. पोरं शिकायला बाहेर आहेत, सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली. घरात आम्ही तिघं : मामाजी, मी आणि आमचे हे. हे शेती बघतात. त्या दिवसांत सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, जोरात चालली होती, त्यामुळे हे घरी फक्त जेवायला आणि चिडायला यायचे.

तर एक दिवस मी आणि मामाजी दिवाळीचा किराणा घेऊन मालेगावहून परत येत होतो. निम्म्या रस्त्यात गाडीचा तापमानाचा काटा लाल रेघेला जाऊन टेकला आणि बॉनेटच्या फटीतून धूर निघाला.

‘‘मामाजी, धूर!’’ मी ओरडले.

‘‘धूर नाई थो, वाफ हाये,’’ असं म्हणून त्यांनी शांतपणे गाडी कडेला घेतली. जसा काही वाफ निघायचा तो ठरलेला थांबाच होता.

मी फोन केला. हे सोंगणी सोडून शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर घेऊन आले. आल्या आल्या त्यांनी दोर बांधला. मग निघाली वरात. पुढे ट्रॅक्टर, मागे आम्ही. मामाजी स्टिअरिंग धरून ताठ बसलेले, आणि वळण आलं की इंडिकेटर लावायचे. ‘‘ट्रॅक्टर वयते थिकडेच आपन वयनार, इंडिकेटर कायले?’’ मी विचारलं. ‘‘मागच्याले समजाले पाह्यजे,’’ ते म्हणाले. मागे एक बैलगाडी होती.

गावातून अशी वरात गेल्यावर पुढचा आठवडाभर गिरणीत दळणापेक्षा चर्चा जास्त झाली. डबा घेऊन येणारा प्रत्येक माणूस मेकॅनिक होता. एक म्हणाला, रेडिएटरमध्ये अंड्याचा पांढरा बलक टाका. दुसरा म्हणाला, साबणाची वडी घासा. एका म्हातारीने सांगितलं की गाडीला नजर लागली आहे, आणि तिचा सल्ला मला त्यातल्या त्यात बिनधोक वाटला. आमच्या खऱ्या मेकॅनिकने उभ्या उभ्या बॉनेटमध्ये डोकावून सांगितलं की बहुतेक इंजिन उघडावं लागेल, पण दिवाळीपर्यंत त्याला मान वर करायला फुरसत नव्हती.

मेकॅनिक येऊन गेला त्याच संध्याकाळी जेवताना ह्यांनी निकाल देऊन टाकला.

‘‘बाबा, दिवाळी झाली का गाडी इकून टाकू. गिऱ्हाईक हाये माह्या पाह्यन्यात.’’

‘‘अन् भाऊबीज?’’ मामाजींनी विचारलं.

‘‘भाड्याची गाडी सांगतो ना. सकायी नेईन तुमाले, संध्याकायी घेऊन येईन.’’

‘‘म्हंजे पार्सलच कराचं माह्यं,’’ मामाजी म्हणाले, आणि उरलेली अर्धी भाकरी तशीच ठेवून उठले. आमच्या घरात ताटात टाकून उठणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

भाऊबीज ही मामाजींची वर्षातली सगळ्यात मोठी गोष्ट. त्यांची एकच बहीण, दोन-तीन वर्षांनी मोठी, मंगरूळपीरला दिलेली. मी त्यांना आत्याबाई म्हणते. दरवर्षी भाऊबीजेला मामाजी स्वतः गाडी चालवत जातात, ओवाळून घेतात, जेवतात, आणि परत येताना बहिणीला आठवडाभर माहेरी घेऊन येतात. आत्याबाईंचे टोंगळे, म्हणजे गुडघे, पार गेलेत, त्यांना एसटीची पायरी चढवत नाही. त्या आठवडाभर त्या दारात बसून गल्लीतल्या प्रत्येकाला सांगतात, ‘‘माहा भाऊ आल्ता घ्याले. सोता आल्ता.’’ त्या ‘सोता’वर त्यांचा एवढा जोर असतो की मला हसू येतं. आता गाडी विकली की मामाजी पुन्हा स्टिअरिंगमागे कधी बसणार नव्हते. या वयात नवी गाडी कोण घेऊन देतंय? हे कोणी बोललं नाही, पण तिघांनाही ते माहीत होतं. मला ह्यांचा भयंकर राग आला. म्हातारपणी माणसाच्या हातातून काठी काढून घेतात का कोणी?

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइन गेली. आमच्याकडे लाइन गेली की गिरणी बंद, आणि गिरणी बंद म्हणजे मी मोकळी. पदर खोचला आणि मामाजींना म्हणाले, ‘‘चाला, गाडी पाहू.’’

‘‘तुले समजते गाडीतलं?’’

‘‘गिरनीतलं समजते. बेल्ट, बेरिंग, पाइप. गाडीत काय वेगळं राह्यते?’’

खरं तर मला काडीचंही समजत नव्हतं. मोबाइलवर मी एक व्हिडिओ पाहिला होता. त्यातला माणूस हातमोजे घालून, चकचकीत फरशीच्या गॅरेजमध्ये उभा राहून, पाण्याची गळती म्हणजे अगदी सोपी गोष्ट आहे, असं सांगत होता. त्याच्याकडे लाइन जात नसावी.

पहिल्याच दिवशी आमचं भांडण झालं. इंजिन चालवून गरम केलं होतं आणि मामाजी पोत्याचा तुकडा घेऊन रेडिएटरचं झाकण फिरवायला निघाले. मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या घरातली माणसं बाहेर आली. गरम असताना झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं, एवढं मात्र मी व्हिडिओत नीट ऐकलं होतं. सासऱ्यावर मी पहिल्यांदाच आवाज चढवला होता. मला वाटलं, आता मामाजी चिडणार. पण त्यांनी पोतं खाली ठेवलं आणि म्हणाले, ‘‘बरं बापा. तू सांगशीन तसं.’’ त्या क्षणापासून मी मिस्त्री आणि ते मदतनीस. मदतनीस म्हणून ते अत्यंत वाईट होते. हातातल्या बॅटरीचा उजेड मी बघत असेन ती जागा सोडून बाकी सगळीकडे फिरवायचे.

दोन-तीन दुपारी आम्ही असं शोधत राहिलो. पुढचा जाड पाइप चाचपला, कोरडा. खालचा पाइप, कोरडा. रेडिएटरच्या जाळीत वर्षानुवर्षांचे किडे, एक फुलपाखरू, सोयाबीनचं भूस, सगळं निघालं. पाणी मात्र रोज कमी होतच होतं. एक गोष्ट मला खटकली. बाटलीतलं पाणी जरा गढूळ दिसत होतं. ‘‘बोरचं पानीच तसं येऊन राह्यलं,’’ मामाजी म्हणाले, आणि लगेच म्हशीला पाणी पाजायला निघून गेले. म्हैस नुकतीच पिऊन बसली होती. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

शेवटी मला साबण सुचला. घरी गॅसची टाकी बदलली की आपण साबणाचा फेस लावून पाहतो, बुडबुडा आला की गॅस गळतो. इथेही तेच करू म्हटलं. बादलीत कपडे धुण्याची पावडर कालवली, गिरणीतला पीठ झाडायचा ब्रश घेतला. मामाजींनी गाडी चालू करून पाव तास तशीच ठेवली, म्हणजे आत दाब येईल. मग बंद केली. मी एकेका पाइपवर, एकेका सांध्यावर फेस लावत गेले. पुढे काही नाही. बाजूला काही नाही. मग वाकून इंजिनाच्या मागच्या बाजूला हात घातला. तिथे अंधार, नुसता कुबट वास. अंदाजाने ब्रश फिरवला आणि बाहेर काढला.

ब्रश लाल झालेला होता.

‘‘अरे बापा! हात कापला?’’ मामाजींनी माझं मनगट धरलं. मी हात पाहिला. काही लागलेलं नव्हतं. बॅटरी हिसकावून घेतली आणि आत पाहिलं. इंजिनाच्या मागच्या अंगाला, माझ्या फेसातून, लालभडक ओघळ उतरत होता. कुंकू सांडावं तसा. एक क्षणभर त्या नजर लागल्याचं सांगणाऱ्या म्हातारीची आठवण झाली, खोटं कशाला बोलू?

आणि मग मला तो रंग ओळखू आला. एवढी वर्षं मी तो रंग धुते आहे.

मी हळूहळू मान वळवली. मामाजी कडुनिंबाकडे बघत होते.

‘‘मामाजी, रेडिएटरमधी हयद टाकली तुमी?’’

‘‘चिमूटभर.’’

‘‘मामाजी.’’

‘‘चिमूट म्हंजे... मूठ.’’

‘‘एक?’’

‘‘दोन. तीन असतीन. सकायी सकायी टाकत होतो, तू उठाच्या आंधी.’’ मग एकदम त्यांना जोर आला. ‘‘जुन्या जीपवाल्याईनं सांग्तलं होतं मले! हयद टाकली का भोक बुजते. अन् आपल्या घरची हयद हाये, भेसयीची नाई!’’

मला हसू आवरेना. मी तिथेच पोत्यावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. ते आधी गंभीर होते, मग मिशीत हसले, मग आम्ही दोघंही हसत सुटलो. हळदीने भोक बुजवलं नव्हतं, पण भोकातून ती पाण्याबरोबर बाहेर आली होती आणि गरम लोखंडावर वाळून बसली होती. नुसत्या पाण्याची वाफ होऊन जायची, म्हणून खाली थेंब पडत नव्हता. हळदीची वाफ होत नाही. साबण लागला आणि तिने आपला पत्ता सांगून टाकला. मामाजींनी याचं सगळं श्रेय लगेच स्वतःकडे घेतलं. ‘‘पाह्य, हयदीनं काम केलं का नाई?’’

लाल ओघळाच्या उगमाशी पोचलो तर तिथे एक बोटभर जाड रबरी पाइप होता. क्लिपच्या खाली तो चिरला होता आणि क्लिप गंजून भुगा झाली होती. हा पाइप जातो कुठे म्हणून शोधलं तर तो गाडीच्या हीटरला जात होता. आमच्या वाशीम जिल्ह्यात हीटर! उन्हाळ्यात आमच्याकडे गाडीच्या सीटवर पापड वाळतील. ज्या बटणाला आम्ही जन्मात बोट लावलं नव्हतं, त्याच्या पाइपपायी ट्रॅक्टरची वरात निघाली होती.

‘‘काढून टाक तो पाइप अन् भोकाले बोया मार,’’ मामाजी म्हणाले. ‘‘हीटर कायले लागते आपल्याले?’’

पण मी आता मिस्त्री झाले होते आणि मिस्त्रीला अर्धवट काम खपत नाही. गाडी दुरुस्त करायची तर पूर्ण करायची, म्हणजे उद्या ह्यांना बोट ठेवायला जागा नको.

गाडी गार होऊ दिली. पाइप काढायला मामाजींचा हात आत जाईना, त्यांच्या बोटांचे सांधे सुजलेले. माझा जात होता, पण दिवाळीचा नवा चुडा मध्ये अडकत होता. तो कोपरापर्यंत वर सरकवला, वरून रबर लावलं, आणि इंजिनावर पोट टेकवून पाइप पिरगाळून काढला. तो चिरलेला तुकडा पिशवीत घालून मी स्कूटीवर मालेगावला गेले. दुकानदाराने तुकडा पाहिला, माझे काळे हात पाहिले, आणि मला आधी पाणी दिलं. तसाच नवा पाइप, दोन क्लिपा आणि हिरव्या कूलंटचा डबा घेऊन मी परत आले.

खरं काम तर पुढे होतं. ते म्हणजे मामाजींची हळद काढणं. रेडिएटरचा खालचा पाइप सोडला आणि आतून जे आलं ते पाहून मला दुपारच्या वरणाची आठवण झाली. बादलीमागून बादली पाणी ओतलं, इंजिन चालवलं, पुन्हा सोडलं. पिवळं. पुन्हा ओतलं. पिवळं. अंगण पिवळं, गाडीची चाकं पिवळी, माझे पाय पिवळे, मामाजींचं धोतर पिवळं. शेजारीण फाटकातून डोकावली. ‘‘काय वं, कोनाचं लगन हाये?’’

‘‘गाडीचं,’’ मामाजी म्हणाले. ‘‘हयदीले या.’’

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा कुठे पाणी पाण्यासारखं यायला लागलं. मग नवा पाइप बसवला, क्लिपा आवळल्या. बोरचं क्षाराचं पाणी नको म्हणून फिल्टरच्या पाण्याचा कॅन आणला, त्यात कूलंट मिसळून भरलं. गार इंजिनावर झाकण उघडंच ठेवून गाडी चालू केली, म्हणजे आत कोंडलेली हवा निघते. हिरव्या पाण्यातून बुडबुडे यायला लागले. आम्ही दोघं रेडिएटरवर वाकून, चुलीवरच्या दुधाकडे बघावं तसे बघत उभे राहिलो. बुडबुडे हळूहळू थांबले. पातळी खाली गेली तेवढं पाणी भरलं आणि झाकण लावलं. मामाजी गावाबाहेर लांब चक्कर मारून आले. काटा अर्ध्यावर, बाटली रेघेवर, पाइप कोरडा. त्यांनी बॉनेट आपटलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. सासऱ्याने सुनेच्या पाठीवर थाप मारायची आमच्याकडे रीत नाही. पाठीवर पिवळा पंजा उमटला. तो ब्लाउज मी अजून धुतलेला नाही.

मला वाटलं होतं, हे आल्यावर निदान तोंडदेखलं तरी शाबासकी देतील. ह्यांनी अंगण पाहिलं, गाडीभोवती फिरून आले, बॉनेट उघडून पाहिलं आणि स्वयंपाकघरात माझ्यामागे आले.

‘‘काहून दुरुस्त केली तुनं?’’

मी थक्क झाले. ‘‘म्हंजे? नोयती कराची?’’

ह्यांनी आवाज खाली आणला. मागच्या महिन्यात हे दिवेलागणीला मोटरसायकलवरून वावरातून येत होते. समोरून मामाजींची गाडी रस्त्याच्या मधोमध आली, अगदी अंगावर. ह्यांनी मोटरसायकल खाली शेतात घातली म्हणून वाचले. मामाजी तसेच पुढे निघून गेले. त्यांनी पोराला पाहिलंच नव्हतं.

‘‘मंग सांग्तलं काहून नाई त्याईले?’’

‘‘कसं सांगू?’’ हे म्हणाले. ‘‘गाडी बिघडली असं बापाले सांगता येते. डोये बिघडले असं सांगता येत नाई.’’

इतके दिवस ज्या माणसावर मी मनातल्या मनात दातओठ खात होते, तो गाडीच्या गळतीआड लपून बापाला वाचवायला बघत होता. आणि मी ती गळतीच बंद करून बसले होते. मला ह्यांची कीव आली, रागही आला, आणि मामाजींची भीती वाटायला लागली. मी म्हणाले, ‘‘भाऊबीजेले मी जाते त्याईच्या संग. जाताना उजेड राह्यते, चालवू द्या. येताना मी चालवीन.’’

‘‘तुले देतीन थे गाडी?’’

ते मलाही माहीत नव्हतं. लायसन मी काढलं होतं, पण माझं चालवणं घरापासून वावरापर्यंत आणि वावरापासून घरापर्यंत.

भाऊबीजेच्या सकाळी आम्ही निघालो. मामाजींनी नवं धोतर नेसलं होतं, टोपीला कडक इस्त्री. मी माझ्यासाठी बाजूची जागा घेतली, कारण विचारलं तर ‘काट्याकडे लक्ष ठेवायला’ असं सांगायचं ठरवलं होतं. त्यांनी विचारलं नाही. मालेगाव गेलं, शेलूबाजारला वळलो. मामाजी गाडी चालवताना गप्पा मारत नाहीत, कोणाला मारू देत नाहीत. नजर रस्त्यावर, दोन्ही हात स्टिअरिंगवर. लख्ख उजेडात ते इतकी सुरेख गाडी चालवत होते की ह्यांनी सांगितलेली गोष्ट मला खोटी वाटायला लागली. मी मात्र सगळ्या रस्त्याने मनात वाक्यं जुळवत होते. मामाजी, तुम्ही थकला असाल. मामाजी, मला जरा सराव हवा. प्रत्येक वाक्य मलाच खोटं वाटत होतं.

आत्याबाई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. ‘‘आला वं माहा भाऊ! सोता आला!’’ त्यांनी ओवाळलं. ताटातला दिवा हलत होता. मामाजींनी साडी दिली. पुरणपोळीचं जेवण झालं. मग त्या भाच्यांच्या, वावरांच्या, मेलेल्या माणसांच्या गप्पांत दुपार कधी गेली कळलं नाही. मी तीनदा निघू या म्हणून सुचवलं. आत्याबाईंची पिशवी भरायची राहिली होती, मग चहा, मग शेजारणीचा निरोप. निघालो तेव्हा ऊन उतरलेलं होतं आणि मंगरूळपीरच्या रस्त्यावरच्या दुकानांत दिवे लागायला सुरुवात झाली होती.

आत्याबाईंना मागच्या सीटवर पाय लांब करून बसवलं. मामाजी किल्ली घेऊन ड्रायव्हरच्या दारापाशी गेले आणि तिथेच उभे राहिले. रस्ताभर जुळवलेल्या वाक्यांतलं एकही मला आठवेना.

‘‘बाई,’’ ते म्हणाले, ‘‘तू चालव.’’ आणि किल्ली माझ्यासमोर धरली.

‘‘बरं वाटत नाई का तुमाले?’’

‘‘मले काय धाड भरली? समोरच्या गाडीचे दिवे डोयात घुसतेत. मंग मले काईच दिसत नाई. उन्हाया होता तवापासून.’’

‘‘मंग घरी काहून नाई सांग्तलं?’’

‘‘गाडी बंद पडली म्हून उतराचं नोयतं मले,’’ ते म्हणाले. मग टपावर हात ठेवून म्हणाले, ‘‘आता चालू हाये. आता उतरतो. दिवसा माही, दिवे लागले का तुही. सांग तुह्या नवऱ्याले, त्याच्या गिऱ्हाइकाले नाई म्हना.’’

माझे डोळे भरून आले. पण तिथे रडत बसले असते तर गाडी कोणी चालवली असती? मी किल्ली घेतली. मामाजी वळसा घालून पलीकडे आले. पुढच्या दाराला हात लावला, मग तो सोडून मागचं दार उघडलं आणि बहिणीचे पाय उचलून आपल्या मांडीवर घेत तिच्या शेजारी बसले.

पहिल्या काही किलोमीटरला माझे हात घामेजले होते. समोरून ट्रक आला की मी वेग निम्म्यावर आणायची. मग मागून आत्याबाईंचा आवाज आला.

‘‘का रे, इतके वर्सं तू मले घेऊन चालला, पन मले नुस्ती तुही टोपीच दिसे. वाटंनं तू बोलेच नाई माह्याशी. मी गुमान बसो.’’

‘‘गाडी चालोताना बोलाचं नसते, अक्का.’’

‘‘मंग आता बोल ना!’’

आणि मामाजी बोलायला लागले. आधी जरा अडखळत, मग जोरात. त्यांनी लहानपणी चोरलेल्या बोरांपासून सुरुवात केली. आत्याबाई म्हणाल्या, बोरं तू नाही, मी चोरली होती, मार तू खाल्ला होतास. मामाजी म्हणाले, त्याचा बदला आज घेतो, आणि त्यांच्या टोंगळ्याला चिमटा काढला. आत्याबाई अशा ओरडल्या की मी ब्रेक दाबला. शेलूबाजार आलं आणि गेलं. मालेगावला दिवाळीच्या माळा लागल्या होत्या, रस्त्यावर गर्दी होती. मी गाडी हळू केली आणि मान वळवून विचारलं, चहा घ्यायचा का?

दोघांपैकी कोणालाच ऐकू गेलं नाही.